कळतंय सगळं, पण तोंडातनं बाहेर येत न्हाई

"मॅडम, कळतंय सगळं ओ, पण तोंडातनं बाहेर येत न्हाई." दर जूनला माझ्या इंग्रजी बोलण्याच्या वर्गात नवीन बॅच आली की पहिल्या आठवड्यात हे वाक्य कानावर येतंच, फक्त बोलणारा बदलतो. कधी पन्हाळ्याकडनं एसटीनं येणारा बी.एस्सी.चा मुलगा, कधी कागलची बी.कॉम.ची मुलगी, कधी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिली शिफ्ट करून संध्याकाळी क्लासला येणारा डिप्लोमावाला. आणि मला नेहमी वाटतं की या पोरांनी स्वतःच्या दुखण्याचं निदान अगदी बरोबर केलेलं असतं, फक्त ते ऐकून घेणारं कुणी नसतं. "कळतंय सगळं" हे त्यांनी सांगूनसुद्धा त्यांच्या हातात परत टेन्सचा तक्ता दिला जातो.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे आज माझ्यासमोर कॉलेजच्या वयाचा मुलगा बसतो तेव्हा तो बारा-पंधरा वर्षं इंग्रजी विषय घेऊन आलेला असतो. त्याला ऍक्टिव्ह-पॅसिव्ह करता येतं, डायरेक्ट-इनडायरेक्ट येतं, पत्र लिहिता येतं, उतारा वाचून उत्तरं काढता येतात. आणि "काल दिवसभर काय केलंस" एवढं इंग्रजीत विचारलं की खाली बघतो. जो दोन हजार शब्द ओळखतो त्याला "सकाळी उठलो, म्हशीची धार काढली, कॉलेजला आलो" हे सांगता येत नाही, हे मला अजूनही दर वर्षी आतून लागतं, कारण यात त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला कधी कुणी बोलूच दिलेलं नाही.

जरा हिशोब करून बघा. वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, फळा पुसणं, मागच्या तासाचं काय झालं, शिक्षकाचं समजावून सांगणं यात वीस मिनिटं सहज जातात (मी कमीच धरलेत). राहिली पंधरा मिनिटं. ती साठ जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला पंधरा सेकंद. आणि ती पण वाटली जात नाहीत, पहिल्या दोन बाकांवरची चार-पाच मुलंच सगळं बोलतात आणि बाकीची वर्षभर ऐकतात. पंधरा सेकंदात बोलणं कसं यावं? पोहायला शिकणाऱ्याला काठावर बसवून वर्षभर पाण्याची माहिती दिली असं कुणी रंकाळा तलावावर केलं तर लोक भांडतील, भाषेच्या बाबतीत मात्र आपण ते गेली कित्येक वर्षं चालवून घेतोय.

बोलताना डोक्यात नक्की काय होतं हे एकदा समजून घेतलं ना की शिकवायचं काय हे आपोआप कळत जातं. विलेम लेव्हेल्ट नावाच्या डच मानसभाषातज्ज्ञानं १९८९ मध्ये याची जी मांडणी केली ती अजूनही वापरली जाते. आधी काय सांगायचं ते ठरतं, मग त्यासाठी शब्द आणि वाक्याची रचना शोधली जाते, मग तोंडानं उच्चार होतो, आणि हे सगळं चालू असताना आपलं आपण ऐकून चूकही पकडत असतो. मातृभाषेत मधली पायरी, म्हणजे शब्द आणि रचना शोधायची, इतकी आपोआप होते की आपलं लक्ष फक्त काय सांगायचं यावर असतं. दुसऱ्या भाषेत सगळी ताकद तिथंच संपते. मुलगा "गो" चं "वेंट" करायला थांबतो तोवर पुढचा मुद्दा निसटतो, मुद्दा पकडायला जातो तोवर वाक्य अर्धं राहतं. त्यामुळे त्याला "वेंट" माहीत आहे का हा प्रश्नच नाही, तो माहीतच आहे, प्रश्न तो अर्ध्या सेकंदात हाताशी येतो का हा आहे.

थांबण्याचं पण बघा. चांगलं बोलणारी माणसंही थांबतात, भरपूर थांबतात, पण एक विचार पूर्ण झाला की थांबतात. शिकणारा वाक्याच्या पोटात थांबतो, "आय वेंट टू द..." आणि गाडी बंद. ऐकणाऱ्याला त्रास त्या मधल्या थांबण्याचा होतो, हळू बोलण्याचा तेवढा होत नाही. म्हणून मी पोरांना फास्ट बोला असं कधीच सांगत नाही. आमच्याकडे फास्ट म्हणजे हुशार असा एक समज आहे आणि त्यापायी मुलं शब्द गिळतात, पाठ केलेलं भाषण गाडीसारखं सोडतात आणि मधेच अडकली की परत पहिल्यापासून. मी सांगते सावकाश बोल, पण एक तुकडा पूर्ण करून थांब.

आता आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत स्पोकन इंग्लिशच्या क्लासचे बोर्ड आहेत, तीस दिवसांत अस्खलित वगैरे. मी कुणाच्या पोटावर पाय द्यायला लिहीत नाहीये, त्यातले काही जण मनापासून शिकवतात. पण बहुतेक ठिकाणी विकलं काय जातं तर नवीन माल. रोज पन्नास नवीन शब्द, रोज वीस नवीन वाक्यं, त्याची झेरॉक्स, वहीत उतरवून घ्या. मुलं खूश असतात, कारण वही भरते. आणि तोंड तसंच बंद राहतं, कारण आधीच न सापडणाऱ्या दोन हजार शब्दांत अजून पाचशे न सापडणारे शब्द जाऊन पडले. बोलता येण्यासाठी नवीन फार थोडं लागतं. जे येतंय तेच परत परत, वेगवेगळ्या माणसांना, दर वेळी थोडं सफाईनं सांगायला मिळणं लागतं. माझं सगळं शिकवणं आता या एका गोष्टीभोवती फिरतं आणि ही गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक भाषाशिक्षकानं करून बघावी असं मला अगदी कळकळीनं वाटतं.

यासाठी मी सगळ्यात जास्त वापरते ती पद्धत म्हणजे ४/३/२. ही माझी नाही, कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी पुढे तिच्यावर काम करून जगभर पोचवली. पद्धत अगदी साधी आहे, पैसे लागत नाहीत, प्रोजेक्टर लागत नाही, पुस्तक लागत नाही. मुलांच्या जोड्या करायच्या. एकानं चार मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. मग जोडीदार बदलायचा आणि तीच गोष्ट नवीन माणसाला तीन मिनिटांत सांगायची. परत जोडीदार बदलायचा आणि तीच गोष्ट दोन मिनिटांत. बस. मग बोलणारे ऐकणारे होतात आणि ऐकणारे बोलणारे.

हिशोब परत मांडते. अठरा मिनिटांत वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला नऊ मिनिटं बोलणं आलं. जोडीदार बदलायचा वेळ धरला तरी पस्तीस मिनिटांच्या तासात आरामात बसतं. पंधरा सेकंदांवरून नऊ मिनिटं!

जोडीदार बदलणं हे यातलं मर्म आहे आणि नेमकं तेच लोक गाळतात. त्याच माणसाला तीच गोष्ट परत सांगायला कुणालाच आवडणार नाही, ऐकणारा पण जांभया देणार. नवीन माणसाला सांगायची म्हटलं की ती गोष्ट परत खरी होते, त्याला काहीच माहीत नसतं, त्यामुळे बोलणाऱ्याला मनापासून सांगावंसं वाटतं. आणि वेळ कमी होत जातो त्यामुळे फाफटपसारा गळतो. पहिल्या फेरीत शब्द शोधण्यात गेलेली ताकद दुसऱ्या फेरीत मोकळी होते, कारण शब्द नुकतेच वापरून झालेले असतात, वर आलेले असतात.

आमच्या वर्गात बाक लांब आणि जमिनीला पक्के, हलवता येत नाहीत. म्हणून मी एक बाक सोडून एक असं उलटं तोंड करून बसवते, आणि फेरी संपली की प्रत्येक जोडीतला एक जण एक जागा पुढे सरकतो, शेवटचा पहिल्या जागेवर येतो. पहिल्या वेळी गोंधळ होतो, मग पोरं स्वतःच शिट्टी वाजली की सरकतात. आवाज होतो, भयंकर होतो, तीस जण एकदम बोलणार म्हटल्यावर होणारच. शेजारच्या वर्गातून निरोप येतात. एका ठिकाणी तर "वर्गावर कंट्रोल नाही" असा शेरा पण मिळालाय. मी आता सत्राच्या सुरुवातीलाच शेजारच्या वर्गाला कल्पना देते आणि मंगळवार-शुक्रवार शेवटचा तास मागून घेते. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही कल्पना गणिताच्या तासाला ठीक असेल कदाचित, बोलायला शिकवायच्या तासाला शांतता म्हणजे काम बंद आहे.

ऐकणाऱ्याला काहीतरी काम दिलंच पाहिजे, नाहीतर तो मोबाईल काढतो. मी सांगते की शेवटी तुला बोलणाऱ्याला एक प्रश्न विचारायचाय, आणि प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर त्यानं आधी दिलेलं नाही. एवढ्यानं ऐकणं एकदम बदलतं.

एक मुलगा होता, घरचं गुऱ्हाळ. कुठल्याही विषयावर दोन वाक्यांच्या पुढे जात नव्हता, माय फेव्हरेट लीडर, ऍडव्हान्टेजेस ऑफ मोबाईल, सगळीकडे गप्प. मी म्हटलं गूळ कसा करतात ते सांग. पहिल्या फेरीत "फर्स्ट... शुगरकेन... क्रश..." असं सुरू झालं, काहिलीला काय म्हणायचं म्हणून अडला, मळीला काय म्हणायचं म्हणून अडला, भेंडीचं पाणी घालतात ते कसं सांगायचं म्हणून मराठीत घसरला. मी जवळून जाताना फक्त एवढंच म्हटलं की समोरचा शहरातला, शाहूपुरीतला आहे, त्यानं गुऱ्हाळ बघितलेलं नाही, त्याला दिसेल असं सांग. दुसऱ्या फेरीत काहील म्हणजे "व्हेरी बिग राउंड आयर्न पॅन" झाली, मळी म्हणजे "डर्टी थिंग कम्स अप, वी रिमूव्ह" झाली. तिसऱ्या फेरीत तो हातानं दाखवत होता, गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, पाण्यात गोळी टाकून कसं बघतो, एक मिनिट उशीर झाला तर सगळा माल कसा बिघडतो, मग वाफ्यात ओतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, कसे धरतात. व्याकरण मोडकंच होतं, पण दोन मिनिटं तो एकदाही वाक्याच्या मधे अडकला नाही आणि समोरच्यानं त्याला प्रश्न विचारला की रात्रभर जागं कोण राहतं. खऱ्या उत्सुकतेनं विचारला. त्या प्रश्नानं त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शब्दात लिहू शकत नाही.

या पद्धतीवर नंतर बरंच संशोधन झालं. २०११ मध्ये डी यंग आणि पर्फेटी यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास मला सगळ्यात उपयोगी वाटतो. एका गटानं तीनही वेळा एकाच विषयावर बोलायचं, दुसऱ्या गटानं दर वेळी वेगळ्या विषयावर. बोलण्याची सफाई टिकली आणि पुढे नवीन विषयावर बोलतानाही दिसली ती एकच विषय परत बोलणाऱ्यांची. म्हणजे "तेच तेच बोलून पोपट होईल" ही जी शंका शिक्षक काढतात ती खरी नाही. पण दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. फ्रँक बोअर्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की वेळ कमी होत गेला की मुलं आधीचीच वाक्यं जशीच्या तशी परत वापरतात, आणि त्यात चुकाही जशाच्या तशा परत येतात. हे मी माझ्या वर्गात पण बघितलंय, पहिल्या फेरीतलं "आय डिडन्ट वेंट" तिसऱ्या फेरीत अजून ठामपणे येतं. म्हणून मी दोन फेऱ्यांच्या मधे दोन मिनिटं थांबवते, फिरताना ऐकलेली तीन-चार वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहिते आणि सगळ्यांना मिळून दुरुस्त करायला लावते. मग पुढची फेरी. आणि कधी कधी वेळ कमीच करत नाही, तीनही वेळा तेवढाच ठेवते, मग मुलं वाचलेल्या वेळात नवीन तपशील भरतात.

तालमीत वस्ताद एकच डाव वेगवेगळ्या अंगाच्या जोडीदारांवर करून घेतो, आणि डाव चालू असताना पकड सोडवून व्याख्यान देत नाही, सुटल्यावर सांगतो. बोलण्याच्या तासाला शिक्षकानं एवढं केलं तरी पुष्कळ.

दुरुस्तीवरून आठवलं. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या वर्गांचं रेकॉर्डिंग तपासलं, शिक्षक चुका कशा सुधारतात ते बघायला. निम्म्याहून जास्त वेळा शिक्षक काय करतात तर मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणतात आणि पुढे जातात. आणि मुलं त्यातलं सगळ्यात कमी उचलतात, कारण त्यांना वाटतं मॅडम फक्त हो म्हणाल्या. जिथं शिक्षक थांबून मुलाकडूनच बरोबर वाक्य काढून घेतात तिथं मुलगा काही ना काही प्रयत्न करतोच. म्हणून मी दुरुस्त करून देणं जवळजवळ बंद केलंय. "यस्टर्डे आय गो..." असं आलं की मी "यस्टर्डे आय..." एवढं म्हणून थांबते आणि त्याच्याकडे बघत राहते.

हे बघत राहणं सोपं नाही बरं का. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, आणि गप्प बसणारी पण तोंड उघडतात. तिचा अभ्यास विज्ञानाच्या वर्गांचा होता, स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या मुलांचा. आमचा मुलगा तर मराठीत विचार करून इंग्रजीत आणतोय, त्याला किती वेळ लागेल? मी मनातल्या मनात सात-आठ आकडे मोजते. वर्ग अवघडतो, कुणीतरी खोकतं, आणि मग उत्तर येतं.

आता भीतीचं. हे मला सगळ्यात जवळचं आहे त्यामुळे जरा लांबेल. हॉर्विट्झ, हॉर्विट्झ आणि कोप यांनी १९८६ मध्ये परक्या भाषेच्या वर्गातली भीती मोजायची एक प्रश्नावली तयार केली, त्यांचं म्हणणं असं की ही भीती साध्या परीक्षेच्या भीतीसारखी नाही, कारण भाषा बोलताना माणूस स्वतःच लहान दिसायला लागतो, मोठा शहाणा माणूस तोंड उघडलं की पाच वर्षांच्या पोरासारखं बोलतो. ते खरंच आहे. पण आपल्या मुलांची भीती इंग्रजीपासून सुरू होत नाही हो, ती मराठीपासून सुरू होते. कोल्हापूरची मुलगी "मी आलो, मी जेवलो" म्हणते, आमच्या घरात आई, आजी, आत्या सगळ्या असंच बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तीच मुलगी पुण्याला हॉस्टेलला गेली की पहिल्या दिवशी हसू होतं. "लई", "काय करालाईस", "तिकडं", "न्हाई" या प्रत्येकावर कुणीतरी तिची नक्कल करून दाखवतं. ज्या मुलीला स्वतःच्या आईच्या भाषेवरून लोक हसलेत तिनं परक्या भाषेत तोंड उघडावं अशी अपेक्षा करताना आपण काय मागतोय याचा विचार केला पाहिजे.

म्हणून माझ्या वर्गात पहिला नियम हा की कुणाच्याही कुठल्याही भाषेला हसायचं नाही. मराठीला पण नाही. पहिल्या आठवड्यात मी इंग्रजी घेतच नाही, ४/३/२ मराठीतच करून घेते, आपापल्या घरच्या मराठीत. चंदगडचा मुलगा चंदगडीत बोलतो, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या घरातली मुलगी तिच्या पद्धतीनं. यात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पद्धत अंगवळणी पडते. दुसरी म्हणजे बऱ्याच मुलांना पहिल्यांदा कळतं की आपल्याला मराठीत सुद्धा चार मिनिटं सलग बोलायची सवय नाही. मोठ्यांसमोर कमी बोलणं हा आपल्याकडे संस्कार आहे, वडीलधारे बसलेत, आपण मान खाली घालून "व्हय", "न्हाई", एवढंच. तीच मुलं शिरोलीच्या कारखान्यात इंटरव्ह्यूला जातात आणि साहेबानं "टेल मी अबाउट युवरसेल्फ" विचारलं की नाव, गाव, शिक्षण सांगून गप्प. साहेबाला वाटतं पोराला इंग्रजी येत नाही. त्याला इंग्रजी येतं, पण मोठ्या माणसासमोर स्वतःबद्दल लांबलचक बोलणं हे त्याला उद्धटपणाचं वाटतं. हे त्याला समजावून सांगावं लागतं की इथं लांब उत्तर देणं म्हणजे समोरच्याचा मान ठेवणं आहे.

इथंच फ्लुएन्सी, म्हणजे न अडखळता बोलणं, संपून संवाद सुरू होतो. कनाल आणि स्वेन यांनी १९८० मध्ये मांडलं की भाषा येणं म्हणजे फक्त व्याकरण येणं नाही, कुठं कुणाशी कसं बोलायचं हे कळणं आणि अडलं तर मार्ग काढता येणं हे पण त्यातच येतं. हे अडल्यावर मार्ग काढणं मी मुद्दाम शिकवते. शब्द आठवला नाही तर तो कशासाठी वापरतात ते सांग, कसा दिसतो ते सांग, हातानं दाखव. एक खेळ घेते, घरातली वस्तू सांगायची, नाव न घेता, इंग्रजीत. विळी, पाटा-वरवंटा, परडी, चुलीची फुंकणी, म्हशीचं दावं. पोरं इतकी रंगतात की तास संपल्याचं कळत नाही, आणि शिकतात हे की शब्द नसला तरी बोलणं थांबवायची गरज नाही. शिवाय वेळ काढणारे चार-पाच तुकडे मात्र पाठ करून घेते, "लेट मी थिंक", "व्हॉट आय मीन इज", "कुड यू से दॅट अगेन प्लीज" असे. पॉली आणि सायडर या दोघांनी १९८३ मध्येच लिहिलंय की अस्खलित बोलणारा प्रत्येक वाक्य शब्द-शब्द जोडून तयार करत नाही, त्याच्याकडे तयार तुकड्यांचा मोठा साठा असतो. नवीन द्यायचं असेल तर हे द्या, बाकी यादी नंतर.

बरेच पालक विचारतात की घरी इंग्लिश सिनेमे दाखवू का, बातम्या लावू का. लावा की, ऐकणं हवंच. पण नुसत्या ऐकण्यानं तोंड उघडत नाही. कॅनडात १९६५ मध्ये माँट्रिअलजवळ सेंट लॅम्बर्टला इंग्रजी घरातल्या मुलांना सुरुवातीचं सगळं शिक्षण फ्रेंचमधून द्यायचा प्रयोग सुरू झाला. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांना समजायला फार छान लागलं, पण बोलण्यात चुका राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचं कारण मांडलं की मुलांना पुरेसं बोलायला लावलंच गेलं नाही. समजून घेताना अंदाजानं भागतं, बोलताना मात्र वाक्य आपल्यालाच पूर्ण करावं लागतं.

आपल्याच देशात, बेंगळुरूमध्ये, एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी १९७९ ते १९८४ एक मोठा प्रयोग केला, साध्या सरकारी शाळांमध्ये. व्याकरण शिकवायचंच नाही, मुलांना इंग्रजीतून सोडवायला कामं द्यायची, रेल्वेचं टाइमटेबल, नकाशे, वेळेचे हिशोब. जगभर टास्कवरून भाषा शिकवायची जी चर्चा झाली तिच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या प्रयोगांत हा मोजला जातो, आणि आपल्याकडच्या बी.एड.च्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. प्रभू स्वतः जोडीत किंवा गटात काम द्यायला फारसे तयार नव्हते, मुलं एकमेकांची चुकीची इंग्रजी पक्की करतील असं त्यांना वाटायचं. ही भीती पूर्ण चुकीची नाही, पण साठ मुलांच्या वर्गात जोड्यांशिवाय बोलायला वेळ कुठून आणायचा? म्हणून मी त्यांची कामं घेते आणि जोड्या माझ्या. सीबीएस वरून, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडवरून, गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लजला जाणाऱ्या गाड्यांचं टाइमटेबल अर्धं एकाकडे, अर्धं दुसऱ्याकडे, आणि दोघांना मिळून ठरवायचं की सकाळी दहाला राधानगरीला लग्नाला पोचायचं तर कुठून कुठली गाडी धरायची. एकमेकांचा कागद बघायचा नाही. मग विचारावंच लागतं.

आणि हे फक्त इंग्रजीचं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये उत्तरेतून आलेली कुटुंबं आहेत, त्यांची मुलं इथल्या शाळांत मराठी शिकतात. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण तिथंही तेच चाललंय, कविता पाठ, समानार्थी शब्द, लिंग-वचन, आणि मुलगा तीन वर्षांनी सुद्धा दुकानात हिंदीच बोलतो. मराठी शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीनं पंचमीचा झोका, गल्लीतलं क्रिकेट, आई डब्याला काय देते असे विषय घेऊन जोड्यांत बोलणं सुरू केलं, आणि तिथली बिहारची मुलं आता "ए भावा, बॅट दे की रं" पर्यंत आलीत. मला तर ते फार मोठं यश वाटतं.

मोजायचं कसं हा प्रश्न येतो. बारावीला इंग्रजीची वीस मार्कांची तोंडी आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती उरकली जाते हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मी आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाणारे देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, बोलण्यातला एक भाग उचललाय. तिथं उमेदवाराला कार्ड देतात, एक मिनिट तयारीला, मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं, आणि मार्क देताना सफाई, शब्द, व्याकरण, उच्चार या चारही गोष्टींना सारखं वजन असतं. मी जूनमध्ये प्रत्येकाचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग त्याच्याच मोबाईलवर करून घेते, त्याच विषयाचं परत दिवाळीनंतर, आणि दोन्ही त्यालाच ऐकायला लावते. मी मार्क सांगत नाही. ते ऐकून तो स्वतः सांगतो कुठं अडकत होता आणि आता कुठं अडकतोय.

विषयांचं शेवटी सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते. पर्यावरण, सोशल मीडिया शाप की वरदान, माझा आवडता नेता हे विषय बोलायच्या सरावाला चालत नाहीत, त्यात मुलाला सांगायचं स्वतःचं काही नसतं, मग तो निबंध आठवत बसतो. चालतात ते असे: पांढरा रस्सा घरी कसा करतात, २०१९ च्या पुरात तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं आणि तुम्ही काय काय वर चढवलं, जोतिबाच्या यात्रेला कसे गेलात, पहिल्यांदा सायकल/गाडी कुठं आपटली, म्हैस व्यायली ती रात्र, बहिणीच्या लग्नात काय गडबड झाली, उसाला तोड कधी येते आणि तोवर घरात काय चालतं. ज्याच्याकडे शेती नाही त्याला गुजरीतलं (सोन्या-चांदीच्या पेठेतलं) किंवा चप्पल लाइनमधलं काम माहीत असतं, त्याला ते विचारा. वाटल्यास विषय मुलांनाच आणायला सांगा, अट एकच, जे स्वतः बघितलंय किंवा केलंय तेच.